हुकूमनामा आणि बहिष्कार

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. लुटालूट झाली, आग लागली. पण जमावाचा खरा रोख होता तो कागदांवर. कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या, हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला एक गोष्ट ठळकपणे आढळली. सावकाराने रोखे मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही.

शाळेच्या पुस्तकात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून चार ओळींत आटोपते. कायदा आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्याने मात्र इथे ठाण मांडून बसावे. कायदा नेमका कुठे राहतो, हे सुप्याच्या शेतकऱ्याला अचूक ठाऊक होते. आपली जमीन काठीच्या जोरावर जात नाही, कागदाच्या जोरावर जाते. आणि तो कागद मुंबईच्या सचिवालयात नसून आपल्याच गल्लीतल्या पेटीत आहे, हे त्याला कळले होते. कलम कोणी लिहिले यापेक्षा त्याचा कागद कोणाच्या हातात पडतो, हा प्रश्न त्याने विचारला. पुढच्या पानांतले सगळे लेख याच प्रश्नामागे गेलेले आहेत. ते पुण्यातल्या आणि आसपासच्या कोर्टांत, कचेऱ्यांत, वस्त्यांत आणि जुन्या दप्तरांत बसून लिहिलेले आहेत. एकेका लेखाची ओळख करून देण्याऐवजी ते ज्या विषयात मोडतात त्याचीच ओळख करून द्यावी, असे मला वाटते. कारण मराठीत कायद्यावरची पुस्तके पुष्कळ असली, तरी कायद्याचे समाजाकडून केलेले निरीक्षण अजून थोडेच आहे.

वकील सांगतो की कलमाचा अर्थ काय. समाजशास्त्राचा अभ्यासक पाहतो की ते कलम गावात, वाड्यात, चाळीत शिरल्यावर काय काय करते. ही दोन कामे वेगळी आहेत आणि दुसऱ्या कामात पहिल्याच पावलाला धक्का बसतो, कारण चांगल्या हेतूने केलेले कायदेही वाटेत वळतात. १८७५ चेच घ्या. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या वसुलीसाठी तीन वर्षांची मर्यादा घातली होती. जुनी कर्जे पिढ्यान्‌पिढ्या मानगुटीवर बसू नयेत, हा हेतू. झाले असे की तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि त्या वाढलेल्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू. कुणब्याच्या बचावासाठी आलेली मुदत त्याचे कर्ज दर तीन वर्षांनी फुगवू लागली. रोखा वाचता येत नाही, समन्स आले तरी तालुक्याला जाऊन उभे राहण्याची ऐपत नाही आणि धीरही नाही. मग एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि त्यामागून जप्ती यायची. न्यायाधीशाने यात काहीही गैर केले नव्हते. त्याच्यापुढे सही-अंगठ्याचा कागद होता, समोरचा हजर नव्हता.

अमेरिकी अभ्यासक मार्क गॅलँटर यांनी १९७४ साली एक निबंध लिहिला, तो या विषयात आजही पहिल्यांदा वाचायला देतात. कोर्टात वारंवार येणारा पक्षकार आणि आयुष्यात एकदाच येणारा पक्षकार यांच्यात कायदा समान असला तरी सामना समान नसतो, हे त्यांचे सूत्र. वारंवार येणाऱ्याला कारकून ओळखतो, त्याचा वकील ठरलेला असतो, एखादा दावा हरला तरी दहा जिंकण्याची त्याला सवड असते. गॅलँटर यांनी भारतीय कायद्याचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. त्यांचे हे सूत्र शंभर वर्षे आधी सुप्याच्या भीमथडी तालुक्यातल्या सावकार-कुणब्यांच्या दाव्यांत जसेच्या तसे दिसते.

१८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये, दाव्याआधी सलोख्याचा प्रयत्न व्हावा, गावातच रोखे नोंदवले जावेत, अशा त्याच्या तरतुदी होत्या. त्या काळाच्या मानाने हा फार मोठा विचार होता, कारण कागदावर सही आहे म्हणून व्यवहार खरा, हे गृहीतच त्याने नाकारले. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालचे निवाडे तपासण्याचे काम अनेक वर्षे केले; अर्थशास्त्र आणि न्यायदान त्यांच्यात एकत्र कसे नांदले, याचे एक उत्तर या कामात आहे. पण सावकारही स्वस्थ बसला नाही. गहाणखत तपासले जाते ना, मग गहाणखत नकोच, सरळ खरेदीखत लिहून घ्या. तोंडी बोली अशी की पैसे फेडलेस तर जमीन परत. कागद खरेदीचा, व्यवहार गहाणाचा. पुढे त्यावरही कायद्यात दुरुस्ती करावी लागली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात कुलकर्णी आणि कचेरीतले कारकून यांच्यावर त्यांचा एवढा राग का, हे या पार्श्वभूमीवर नीट समजते. कायदा आणि शेतकरी यांच्यामध्ये जो लिहिणारा माणूस उभा आहे, तोच कायद्याचा निकाल लावतो, हे फुले यांनी स्वतः पाहिले होते. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कायद्याच्या समाजशास्त्राची सुरुवात तिथून मोजली पाहिजे.

सुप्याच्या आधीचा एक प्रसंग मला याहून मोलाचा वाटतो. दंगे होण्याच्या काही महिने आधी, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या जोरावर देशमुखाचे घर पाडले. गाव कोर्टात गेले नाही, सावकारावर धावूनही गेले नाही. गावाने त्याला वाळीत टाकले. त्याची शेते कोणी कसायची नाहीत, त्याचे पाणी कोणी भरायचे नाही, त्याची कामे कोणी करायची नाहीत. जो हा ठराव मोडेल त्यालाही तीच शिक्षा. सावकाराला अखेर गाव सोडावे लागले.

इथे दोन सत्ता समोरासमोर उभ्या आहेत. एकीकडे कोर्टाचा हुकूमनामा, दुसरीकडे समाजाचा बहिष्कार. पहिल्याला शिक्का आहे, बेलीफ आहे, पोलीस आहेत. दुसऱ्याला काही नाही, तरी त्याची अंमलबजावणी त्याच संध्याकाळी सुरू होते, कारण त्याचा बेलीफ म्हणजे शेजारी. पुण्याच्या गेल्या दोनशे वर्षांतला कायदा समजून घ्यायचा तर या दोन सत्तांचे एकमेकींशी काय नाते होते ते पाहावे लागते. कधी त्या भांडल्या, कधी एकमेकींकडे काणाडोळा केला, कधी एक दुसरीच्या कामी आली. आणि बहिष्कार म्हटले की तो दुष्टच, असे समजून चालत नाही, हे करडे गाव सांगते. ज्या हत्याराने कुणब्यांनी सावकाराला जेरीस आणले, तेच हत्यार पुढच्या वीस वर्षांत सुधारकांवर चालले.

कोर्टाने समाजाच्या या सत्तेकडे काणाडोळा करायचा, हे इंग्रजांनी अगदी सुरुवातीलाच ठरवले होते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, पंचायतीच्या न्यायाची त्यात बारकाईने दखल घेतली, आणि पुढे गव्हर्नर असताना १८२७ ची रेग्युलेशने केली. त्यातल्या दुसऱ्या रेग्युलेशनाच्या २१ व्या कलमाने दिवाणी कोर्टांना जातीच्या प्रश्नांत हात घालायला मनाई केली. कोणाच्या बेकायदा कृत्याने जातीला किंवा अब्रूला धक्का लागला तर नुकसानभरपाई मागता येई, एवढीच वाट मोकळी होती. जातीबाहेर काढण्याचा अधिकार असा जातीकडेच राहिला.

त्याच १८२७ साली आर्थर स्टील यांचे दख्खनमधल्या हिंदू जातींचा कायदा आणि चालीरीती यांवरचे पुस्तक सरकारने छापले. त्यासाठी शास्त्र्यांना विचारले तसे जातीजातींच्या लोकांनाही विचारले. तुमच्यात पाट लागतो का, सोडचिठ्ठी कशी होते, दत्तक कोणाला घेता, वाटणी कशी करता? उत्तर देणाऱ्यांत पुण्यातल्या जातीही होत्या. शास्त्र काय म्हणते आणि लोक काय करतात यांतले अंतर त्या पानांतून डोळ्यांत भरते. ऑयगेन एर्लिश नावाच्या पंडिताने चेर्नोवित्स या ऑस्ट्रियाच्या टोकाच्या शहरात बसून, पुस्तकातल्या कायद्यापलीकडे लोकांमध्ये एक जिवंत कायदा असतो, असे १९१३ च्या आपल्या ग्रंथात मांडले आणि युरोपात कायद्याच्या समाजशास्त्राची पायाभरणी झाली असे मानतात. प्रश्न तोच होता, आणि पुण्यात तो जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षे आधी जातीजातींना विचारला गेला होता. मात्र हे काम निर्मळ नव्हते. विचारणारे सरकार होते, त्याला राज्य चालवायचे होते. शिवाय जातीच्या वतीने उत्तर द्यायला पुढे आले ते जातीतले कर्ते पुरुष. बायकांना कोणी विचारले असेल, असे त्या उत्तरांवरून वाटत नाही. पिढ्यांनुसार, ऐपतीनुसार बदलणारी चाल एकदा छापली गेली की ती रूढी म्हणून कोर्टात पुरावा होते. हा धोका आजच्या अभ्यासकालाही टळलेला नाही. आपण लिहितो त्यानेही समाज थोडा गोठतो.

या सगळ्याची कसोटी लागली ती विधवांच्या बाबतीत. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरवला. पाठ्यपुस्तकात हे सुधारणेचे शिखर. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात मात्र असे होते की पुनर्विवाह केल्यास विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो. आता ज्या जातींत पाट, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, आधीपासून लागतच होता त्यांचे काय? त्यांना परवानगी देणारा कायदा नकोच होता. त्यांना त्याची झळ तेवढी लागावी का? अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने म्हटले, नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९६ साली म्हटले, होय, त्यांनाही हे कलम लागू. ब्राह्मण विधवेसाठी आणलेल्या कायद्याचे ओझे असे कुणबी-माळ्यांच्या विधवेच्या डोक्यावर आले. संसदेत, विधिमंडळात कायदा होतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांच्या आवाजात अशा बाईचे काय झाले हे ऐकू येत नाही. ते ऐकणे हेच या शास्त्राचे काम आहे, असे मी मानतो.

आणि ज्यांच्यासाठी तो कायदा केला त्यांचे काय झाले? धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. कायदा होऊन सदतीस वर्षे झाली होती. कायद्याच्या दृष्टीने त्या लग्नात तसूभर खोट नव्हती. कोर्टात कोणी एक शब्दही काढू शकला नसता. पण कोकणातल्या मुरूड या कर्व्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले आणि त्याची झळ त्यांच्या आईला, भावाला लागली. शिक्षा अशी निवडली की ती कर्व्यांना लागण्याऐवजी त्यांच्या माणसांना लागावी. बहिष्काराचे हे तंत्र कायम लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याने गुन्हेगाराला पकडायचे नसते, त्याच्या मायेच्या माणसांना पकडायचे असते.

त्याच सुमारास पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण चालू होते. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमधल्या एका कार्यक्रमाला जमलेल्या पुण्यातल्या प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले. फिर्याद शंकराचार्यांकडे गेली. त्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमले, बाजू ऐकल्या, निर्णय दिला. ज्यांच्यावर आरोप होता त्यांत बाळ गंगाधर टिळक होते, कायद्याचे पदवीधर. आणि रानडे होते, सरकारी न्यायाधीश. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे पुढे केले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्या अनुयायांना ते फार लागले. रानडे भ्याले, एवढ्यावर थांबणारे लोक त्या काळातही होते, आजही आहेत. मला ते अपुरे वाटते. जो माणूस रोज सकाळी शेतकऱ्यांच्या रोख्यांचा निवाडा करतो, त्यालाही संध्याकाळी दुसऱ्या एका न्यायासनापुढे उभे राहावे लागते. त्या दुसऱ्या न्यायासनाची हद्द सरकारच्या कायद्यानेच, १८२७ च्या त्या कलमाने, राखून ठेवलेली होती. एका माणसात दोन्ही सत्ता भेटल्या आणि त्याला दोन्हीकडे हजर व्हावे लागले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला आणि जातीतून, पंथातून काढण्याला गुन्हा ठरवले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो बहुमताने रद्द केला; सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी मात्र वेगळे मत दिले. बहिष्काराने माणसाचे जिणे हिरावले जाते, हे त्यांनी नजरेआड केले नाही. पुढे महाराष्ट्रात पन्नासहून अधिक वर्षे या विषयावर कायदाच नव्हता. दरम्यान जातपंचायती चालूच होत्या. दंड घेत होत्या, लग्ने मोडत होत्या, बायकांच्या चारित्र्याची परीक्षा घेत होत्या.

ही कोंडी फुटली ती चळवळीमुळे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते २०१३ साली जातपंचायतींविरुद्ध उभे राहिले. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांचा खून झाला. ते मागत असलेला, वर्षानुवर्षे अडलेला जादूटोणाविरोधी कायदा चार दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने मंजूर केला. खुनाच्या खटल्याचा निकाल पुण्याच्या न्यायालयात लागायला मे २०२४ उजाडले. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. चार दिवस आणि जवळजवळ अकरा वर्षे, या दोन मापांत आपल्या कायद्याच्या गतीबद्दल पुष्कळ काही आहे. त्याचे दुःख मला अजून बाजूला ठेवता येत नाही, म्हणून इथे एवढेच लिहितो.

सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देशात असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. पुढच्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधल्या कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी नवऱ्या मुलीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उघड मोहीम सुरू केली. त्यांना मारहाण सोसावी लागली, कार्यक्रमांतून त्यांना दूर ठेवले गेले. त्यांच्या हातात १८९३ मधल्या कर्व्यांकडे नसलेली गोष्ट होती, बहिष्काराला गुन्हा म्हणणारे कलम. तरीही त्या कलमाखाली साक्ष द्यायची कोणी? ज्याला आमंत्रण आले नाही तो फिर्यादी होतो, पण ‘याला बोलावू नका’ असे कोणी सांगितले, हे बोलावले गेलेल्यांपैकीच कोणीतरी सांगायचे असते. त्याने सांगितले की तोही बाहेर. सुटे सुटे पाहिले तर प्रत्येक कृत्य कायदेशीर असते, कारण लग्नाला कोणाला बोलवावे हा ज्याचा त्याचा अधिकार. गुन्हा त्या सगळ्या गोष्टींच्या एकत्र येण्यात आहे आणि तो सिद्ध करण्याची आपली पुराव्याची रीत फार तोकडी आहे. दरम्यान १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

कोर्टातला पुरावा आणि समाजातला पुरावा यांच्या वाटा कशा फुटतात, याचे पुण्यातले सर्वांत वेदनादायी उदाहरण १९८२ चे आहे. लग्न होऊन चार महिने झालेली एक तरुणी सासरी मरण पावली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुरावा म्हणून कोर्टापुढे आली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली आरोपी नवऱ्याला निर्दोष सोडले. त्या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली आहेत. ‘पंचशील’ म्हणून ती देशभरातले वकील आजही कोर्टात मांडतात, आणि निरपराध माणसाला फाशीपासून वाचवायला ती हवीतच. पुण्यातल्या स्त्रियांनी त्याच मृत्यूतून दुसरे काही उभे केले. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला, त्या मुलीचे नाव घेऊन प्रदर्शन काढले आणि ते महाराष्ट्रभर फिरवले. तीन वर्षे आधी, १९७९ मध्ये, देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यावरून चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले होते. त्यांत पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला आणि विवाहितेच्या छळासाठी ४९८-अ कलम आले, त्यामागे अशा हालचाली होत्या. विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला त्या मृत्यूतली पाच सूत्रे पाठ असतात. मंचाची माहिती असतेच असे नाही. हा विषय शिकवताना दोन्ही एकत्र ठेवायला हवे.

पुण्याला ही परंपरा नवी नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या विधी महाविद्यालयात प्राचार्य सत्यरंजन साठे यांनी घटना आणि समाजपरिवर्तन यांचे नाते सातत्याने मांडले. तिथून काही अंतरावर डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे नातेसंबंधांची रचना अभ्यासत होत्या. त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. सोयरीक, भावकी, माहेर-सासर यांची जी रचना त्यांनी उलगडली तिच्याशिवाय आपल्या दिवाणी कोर्टांतले निम्मे दावे समजणार नाहीत. या दोन वास्तूंमधला रस्ता फारसा वापरला गेला नाही, याची मला खंत आहे. एक हात कायद्याच्या पुस्तकात आणि दुसरा वंशावळीत ठेवून काम करणारे अभ्यासक हवेत.

ते का हवेत, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक दुपार काढली की कळते. हवेली तालुक्यातल्या अशा कुठल्याही कचेरीत चला. लोखंडी बाकावर दोन-तीन बहिणी बसलेल्या असतात, पदर सावरून, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. भाऊ एजंटाशी बोलतोय. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून सगळ्यांची नावे लागली, आता बहिणींचे हक्कसोडपत्र करायचे आहे. नंबर लागतो, कॅमेऱ्यात बघायला सांगतात, अंगठा टेकवतात, ओळखदार सह्या करतात. अधिकारी विचारतो, राजीखुशीने करताय ना? मान हलते. पाच मिनिटांत फेरफाराला लागणारा कागद तयार.

हिंदू वारसा कायद्यात मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली, त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. केंद्राने २००५ मध्ये ती केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरची उरलीसुरली शंका मिटवली. वाघोली, हिंजवडी, मुळशीकडे गुंठ्याचा भाव चढत असताना हा हक्क म्हणजे केवढी दौलत. मग मान का हलते? बहिणीला विचारा. भावाशी वाकडे घेऊ कशाला, माहेर राहील ना मला. दिवाळीला, राखीला, नवऱ्याशी बिनसले तर चार दिवस जायला एक उंबरा हवा. कोणी तिला धमकावलेले नसते. गावाने ठराव केलेला नसतो, पंच बसलेले नसतात. पण हिस्सा मागितलेल्या बाईचे माहेर कसे तुटते, हे तिने मावशीच्या, चुलतबहिणीच्या घरी पाहिलेले असते. करडे गावात जे उघड होते ते इथे बोलण्यातही येत नाही. बहिष्काराची नुसती शक्यता पुरते. तिला भोळी समजणाऱ्या अभ्यासकाने कचेरीत पुन्हा जावे. तिने हिशेब केलेला आहे. म्हातारपणाची, आजारपणाची, एकटेपणाची सोय जोवर नात्यांवाचून दुसरीकडे कुठे नाही, तोवर तिचा हिशेब चुकला असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. आणि ज्या बहिणी हिस्सा मागतात त्यांची संख्या वाढते आहे. त्यांचे माहेर खरेच तुटले का, की दोन-चार वर्षांनी भाऊ-वहिनी वळले, यावर फार थोडे लिहिले गेले आहे. या संग्रहातला एक लेख तिथे पोहोचतो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटला.

ज्या बहिणी मागतात त्या शिवाजीनगरला येतात. वाटपाचा दावा दाखल होतो आणि त्याच्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज, ज्याला कोर्टात सगळे ‘निशाणी पाच’ म्हणतात. दाव्याचा अंतिम निकाल बहुधा इतका लांब असतो की पक्षकारांच्या लेखी निशाणी पाचचा हुकूम हाच निकाल. मनाई मिळाली तर बिल्डर थांबतो आणि भाऊ बोलणी करायला येतो. नाही मिळाली तर जमीन विकून मोकळी होते. त्यामुळे ‘से’, म्हणजे आपले लेखी म्हणणे, दाखल करायला प्रतिवादी तारखा मागतो आणि वादी तूर्तातूर्त मनाईसाठी धडपडतो. कायद्याच्या पुस्तकात या टप्प्याला दोन-चार पाने असतात. कुटुंब न्यायालयातही असेच. तिथे वकिलाची हजेरी हक्काने मागता येत नाही असे १९८४ चा कायदा म्हणतो, तरी व्हरांडा काळ्या कोटांनी भरलेला असतो. आणि पुष्कळ संसारांचे काय व्हायचे ते समुपदेशकाच्या छोट्या खोलीत ठरते, जिथले बोलणे नोंदीत येत नाही.

म्हणून या लेखांच्या लेखकांनी निकालपत्रांच्या बरोबरीने रोजनामे वाचले आहेत. कोण हजर होते, कोण नव्हते, तारीख कोणी मागितली, हे रोजनाम्यात असते. काही लेखांत निष्कर्ष कच्चे आहेत, एकदोन ठिकाणी मोजक्या मुलाखतींवर फार मोठी विधाने केली आहेत. संपादक म्हणून मी ती तशीच राहू दिली आहेत, कारण पुढच्या माणसाला खोडायला काहीतरी हवे. सर्वांत मोठी उणीव अशी की आम्ही निकालाच्या दिवशी थांबलो. बहिष्काराच्या कायद्याखाली फिर्याद दिलेल्या कुटुंबाकडे किंवा वाटपाचा दावा जिंकलेल्या बहिणीकडे तीन वर्षांनी परत जायला हवे. हुकूमनामा कपाटात कुठे ठेवला आहे हे पाहावे, आणि मागच्या लग्नसराईत भावकीतून किती पत्रिका आल्या, त्या कोणी घरी येऊन दिल्या आणि कोणी नुसत्या मोबाईलवर पाठवल्या, हे विचारावे.